दुसरीचं वाक्य

ग्वाल्हेरच्या दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत सकाळपासून पोती उतरायची. हातगाड्या खडखडायच्या, हमाल एकमेकांना हाका मारायचे आणि हरभऱ्याच्या डाळीची पिवळी धूळ जिन्याच्या कठड्यावर बसायची. त्या जिन्यानं वर गेलं की पहिल्या मजल्यावर गरिमा आणि तिचा नवरा राहायचे आणि दुसऱ्यावर शामला पिंपळखरे.

शामलानं आयुष्यभर मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तेही हिंदीतून. लग्न केलं नाही. आईचं अंथरुणातलं सगळं करायचं म्हणून नोकरी मुदतीआधीच सोडली. श्रावणात आई गेली, आणि तिच्याबरोबर त्या घरातलं मराठीही संपलं. दूधवाला, औषधांच्या दुकानातला माणूस, गरिमा, सगळे हिंदीच बोलायचे. दिवाळीच्या सुमारास एकदा देवापुढे दिवा लावताना तिच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत आपल्या तोंडून मराठी वाक्यच निघालेलं नाही. ते आठवून तिला भीती वाटली. म्हणून ती कथा लिहायला लागली.

गोरखी वाड्याजवळच्या एका जुन्या सभागृहात शनिवारी दुपारी कथावाचन चालायचं. ग्वाल्हेरची उरलीसुरली मराठी मंडळी यायची. शालिनीताई ते चालवत. त्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. बोलायला फटकळ, पण मन लावून ऐकायच्या. शामलानं पहिली कथा वाचली ती दोन जावांची. बऱ्याच वर्षांनी धाकटी जाऊ थोरलीला भेटायला येते, एवढीच गोष्ट. थोरलीचं नाव तिनं सुलोचनाबाई ठेवलं होतं. धाकटीला नाव सुचलं नव्हतं, म्हणून ती नुसती धाकटीच राहिली होती.

वाचन संपलं. हेमेंद्र म्हणून एक बँकेतले गृहस्थ होते, त्यांनी चहा मागवला.

“शामला,” शालिनीताई म्हणाल्या, “तुझं वर्णन स्वच्छ आहे. पण तुझी माणसं बोलत नाहीत गं. दोघी एकमेकींना प्रयोगाची कृती वाचून दाखवतात.”

शामला कसंनुसं हसली. “मग काय करू, ताई? माझं मराठी आईशीच बोलून झालेलं आहे. मला दुसऱ्या कोणाची बोलण्याची ढब ठाऊकच नाही.”

“मोठ्यानं बोल. घरी एकटी असतेस ना? धाकटीचं वाक्य तू म्हण आणि थांब. थोरली काय म्हणेल ते आधी ठरवू नकोस. तिला बोलायला जागा दे. ऐक.”

शामलाला ते पटलं. सूचना नेमकी होती, आणि नेमक्या सूचनेप्रमाणे वागण्याची तिला सवय होती.

दुसऱ्या दिवसापासून जेवण उरकलं की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. पौषाची थंडी होती. खिडकीतून उन्हाचा एक तुकडा समोरच्या रिकाम्या खुर्चीवर पडायचा. “कशा आहात, जाऊबाई?” ती म्हणायची आणि थांबायची. खालून पोतं आपटल्याचा आवाज यायचा. मग तीच जरा घोगऱ्या आवाजात थोरलीचं उत्तर द्यायची, तिला स्वतःचंच हसू यायचं, आणि लिहिलेलं सगळं ती खोडून टाकायची.

पण चिकाटी तिच्यात होतीच. ती थांबण्याचा वेळ वाढवत गेली. उत्तर सुचलं तरी द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं.

एका दुपारी ती म्हणाली, “जाऊबाई, मला तुमची फार आठवण यायची हो.”

ती थांबली. खालचे आवाज तेवढ्यापुरते बंद पडले होते.

“आठवणीनं पोट भरत नाही, धाकटे. निरसं दूध ओट्यावर राहिलंय ते बघ आधी.”

वाक्य अगदी जवळून आलं. किंचित अनुनासिक, थकलेला, पण मायाळू आवाज. शामलानं ते घाईघाईनं लिहून घेतलं. वाक्य फारच छान होतं. लिहून झाल्यावर तिनं मान वळवली. सकाळी पातेल्यात ओतलेलं दूध ओट्यावर तसंच राहिलं होतं, न तापवता.

ती उठली, गॅस पेटवला. दूध राहिल्याचं आपल्याला आतून कुठेतरी ठाऊक असणार, तेच बाहेर आलं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण ‘निरसं’ म्हणजे काय ते तिला शब्दकोशात बघावं लागलं. न तापवलेलं. आईच्या तोंडी हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता, आणि तो आवाज आईचा नव्हता. तसा असता तर तिनं लगेच ओळखला असता.

त्यानंतर थोरली रोज बोलू लागली. तिचं बोलणं ठसक्यात असायचं, मध्येच वळायचं, एखादा शब्द गिळून टाकायचं. शामला लिहीत राहायची. कधी वाटायचं की आपलेच ओठ हलताहेत, कधी वाटायचं की नाही. खात्री करून घ्यायला तिनं एकदा बोटं ओठांवर ठेवली होती. मग ती काढून घेतली, कारण वाक्य अर्ध्यातच थांबलं.

एकदा जिन्यात गरिमा भेटली. “आंटी, आपकी भाभी आई हुई हैं क्या? दोपहर को आवाज़ आती है.”

“नहीं बेटा, मैं कहानी लिखती हूँ. दोनों के डायलॉग मैं ही बोलती हूँ.”

गरिमाला मजा वाटली. “क्या बात है, आंटी!” ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली. “लेकिन कल तो दोनों एक साथ बोल रही थीं.”

शामला वर चढली. घरी येऊन ती बराच वेळ चप्पल न काढता उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, कारण दुपार झाली होती.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी तिनं तीच कथा पुन्हा वाचली. या वेळी कोणी चहा मागवला नाही. हेमेंद्रनी चष्मा काढून डोळे पुसले. “ही बाई खरी आहे हो,” ते म्हणाले. “अशीच बोलायची माझी एक मावशी.”

शालिनीताई तिच्याकडे बघत होत्या. “कुठं भेटली ही तुला?”

“तुम्हीच म्हणालात ना, ऐक म्हणून.”

“हं. झकास झालीय. फक्त एक सांगू? आधीच्या खर्ड्यात धाकटी निदान बोलत होती, वाईट का होईना. आता ती बोलतच नाही. नुसती ऐकते.” त्यांनी शाल सारखी केली. “तिलाही दोन वाक्यं दे बाई.”

घरी जाताना शामला फूलबागेत बसली. उन्हात बायका विणत होत्या, कोणी तिळाची गजक खात होतं. पूर्वी इथं बसलं की घरी जावंसं वाटायचं नाही. आज तिचं लक्ष लागेना. घरी कोणीतरी आपली वाट बघतंय असं वाटत होतं, आणि ते वाटणं इतकं गोड होतं की ती लगेच उठली. आई गेल्यापासून तिची वाट बघणारं कोणी नव्हतं.

धाकटीला वाक्यं द्यायची तिनं प्रामाणिक खटपट केली. टेबलाशी बसली, तोंड उघडलं. थोरलीच आधी बोलली. कांदा चिरताना बोलली, कपडे वाळत घालताना बोलली. “असू दे गं, मला कळलं तुला काय म्हणायचंय ते.” आणि खरंच, तिला सगळं कळायचं. बोलावं लागत नाही यात केवढं सुख आहे! शामला ओठ मिटून कामं करायची आणि घरभर मराठी नांदायचं.

भाजीवाल्याला तिचं बोलणं ऐकू येईना. “ज़ोर से बोलो, बहनजी.” ती पुन्हा सांगायची, मग बोटानं दाखवायची. डॉक्टरांनी घसा तपासला. “गला तो बिल्कुल साफ़ है,” ते म्हणाले आणि गुळण्या करायला सांगितल्या. बाहेर पडताना त्यांच्या मदतनीस मुलीनं तिला नाव विचारलं. शामलानं सांगितलं. मुलीनं पुन्हा विचारलं. शेवटी शामलानं ते कागदावर लिहून दिलं.

त्या दिवशी ती खरोखर घाबरली. आरशासमोर उभी राहून तिनं स्वतःचं नाव घेतलं. ओठ हलले. कानांना जे ऐकू आलं ते श्वासापेक्षा फारसं मोठं नव्हतं.

आतल्या खोलीतून थोरली म्हणाली, “काय गं?”

शामला टेबलाशी गेली. समोरच्या खुर्चीवर ऊन होतं. ती होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाली, “जाऊबाई, आता गोष्ट संपवते मी. धाकटी परत जाते. थोरली दार लावून घेते. संपलं.”

खाली कोणीतरी टेम्पो चालू करत होतं आणि तो चालू होत नव्हता.

“बरं,” आवाज म्हणाला. “जा मग.”

त्यात राग नव्हता. जराशी काळजीच होती.

शामलानं शेवटचा परिच्छेद लिहिला, पानं पिशवीत घातली, शाल घेतली आणि शालिनीताईंच्या घरी निघाली. ताईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आत्ताच भाजीला गेल्या, येतील. शामला त्यांच्या ओट्यावर थांबली. अंगावर ऊन होतं. घर सुटून कितीतरी दिवस झालेत असं तिला वाटत होतं.

शालिनीताई आल्या. ओट्यावरच्या बाईकडे बघून त्या ओळखीचं हसल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून त्यांनी किल्ली शोधली.

“कोण हवंय आपल्याला?”

“ताई, मी,” शामला म्हणाली.

“जरा मोठ्यानं बोला हो.” त्यांनी कान पुढे केला. मग अवघडून म्हणाल्या, “तुम्ही शामलाकडून आलात का? मघाशीच फोनवर बोलले मी तिच्याशी. म्हणत होती, पानं पाठवते. केवढी मोकळी बोलायला लागलीय पोरगी!”

त्यांनी हात पुढे केला. शामलानं पानं दिली.

ती परत कशी आली ते तिला आठवलं नाही. गल्लीत हमाल जेवायला बसले होते. पहिला मजला ओलांडून ती जिन्यात थांबली. वर हसण्याचा आवाज येत होता.

गरिमा होती. शामलाच्या दारातून ती बाहेर येत होती. हातात रिकामी वाटी. “मी पण मराठी शिकून राहिली!” ती आत बघून म्हणाली, आणि आतून कोणीतरी खळखळून हसलं.

गरिमा पायऱ्या उतरू लागली. मधल्या वळणावर तिला शामला दिसली. ती थबकली. चेहऱ्यावर अनोळखी बाईसाठी असतं तसं अदबीचं हसू आलं.

“जी? किससे मिलना है आपको?”

शामलानं तोंड उघडलं.

गरिमानं क्षणभर वाट पाहिली. मग मान वर करून हाक मारली, “शामला आंटी! आपसे मिलने कोई आई हैं!”

वर खुर्ची सरकली.

“आले हं,” शामलाच्या आवाजात कोणीतरी म्हणालं.

गरिमा भिंतीला टेकून उभी राहिली आणि पाहुणीला वर जायला तिनं वाट करून दिली.