तीन बारांना एक उत्तर

बसा. आणि ते मोबाइलचे उजेड बंद करा, नाहीतर मी उठून झोपायला जातो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि शेवटाला तर मी स्वतः हजर होतो.

त्याला सगळे सज्जराव म्हणायचे. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. शिवाय दोर, विजेऱ्या, ताडपत्र्या, रानात लागणारं सगळं सामान तो विकायचा. स्वतःची पाठपिशवी बारा महिने भरलेली. बायको म्हणायची, "हे लग्नालासुद्धा शिट्टी आणि मलमपट्टी घेऊन आले होते." आम्ही हसायचो. पण माणूस शिस्तीचा. बंदूक कुणाच्या हातात देताना आधी उघडून, रिकामी दाखवून, मगच देणार.

शेतं राखायला वर रानात जाणाऱ्यांना त्यानं एक रीत घालून दिली होती. वाट चुकली, तर आभाळाकडे तीन बार काढायचे, मध्ये दहा-दहा आकडे मोजून. ज्याला ऐकू येईल त्यानं उत्तराला एक काढायचा. एक म्हणजे, ऐकलं, निघालो. तो एक ऐकला की चुकलेल्यानं जागचं हलायचं नाही.

ही रीत सगळ्यात मन लावून कोण शिकलं असेल, तर त्याचा मेहुणा. बायकोचा एकुलता, धाकटा भाऊ. 'दाजी, दाजी' करत मागे-मागे असायचा. आणि तोच एका जानेवारीत, पावसात आणि धुक्यात वर अडकला. सकाळी सापडला तेव्हा झाडाला टेकून बसला होता. गारठून मेलेला. बंदूक उघडून शेजारी नीट ठेवलेली. गाव तिथून वीस मिनिटांवर. हा उठून चालत का सुटला नाही, कुणाला कळेना. बायकोनं नवऱ्याला एकदाच विचारलं, "तुम्ही वरच होतात ना त्या रात्री? काही ऐकलंत का?"

तो म्हणाला, "नाही."

ऐकलं होतं, पोरांनो. तिन्ही बार ऐकले होते. उत्तराचा एक बारही काढला होता. पण मग धुकं दाटलं, पाय घसरायला लागला, आणि सज्जराव घाबरला. पोरगा काही जागचा हलत नाही, उजाडल्यावर जाऊ, असं म्हणून घरी आला. बायको झोपली होती. ताट वाढून घेतलं, जेवला, झोपला.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. नऊ तारीख, गुरुवार. वर्षाला अजून अकरा दिवस कमी होते. वरच्या मळ्याच्या राखणदाराची दोननळी दुरुस्त झाली होती, ती पोचवायची, चहा घ्यायचा आणि नऊला परत, एवढंच काम. संध्याकाळी सातला निघाला. पाठीला पिशवी, खांद्यावर बंदूक, खिशात चाचणीची तीन काडतुसं.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं आणि वाट चुकली. दहाच्या सुमारास तो एका घळीत घसरला आणि घोटा मोडला. मोबाइलला रेंज नाही. पिशवीतलं मात्र सगळं जागच्या जागी होतं. विजेरी लागली, पण उजेड दोन हातांपुढे जाईना. शिट्टी फुंकून तोंड कोरडं पडलं. पाय बांधला, ताडपत्री अंगावर घेतली, पाणी प्यायला. पिशवीत होतं नव्हतं ते सगळं करून झालं, आणि थंडी वाढतच होती.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यानं बंदूक भरली. एक बार. दहा आकडे. दुसरा. नळ्या उघडून तिसरं काडतूस घातलं. तिसरा. सवयीनं बंदूक उघडून ठेवली आणि तिन्ही रिकाम्या पुंगळ्या शेजारच्या दगडावर ओळीनं उभ्या केल्या.

मग कान देऊन बसला...

आणि खालून एक बार आला.

त्याचा जीव भांड्यात पडला. हसला म्हणे. क्षणभरच. कारण बार आला होता मेहुणा सापडला त्या झाडाच्या बाजूनं. आणि त्या रात्री वर राखणदार सोडून कुणीच नव्हतं, आणि राखणदाराची बंदूक तर याच्याजवळ होती.

आता जागचं हलायचं नाही...

पावलं यायला लागली. सावकाश. ओल्या पानांवरून. दहा हातांवर थांबली.

"कोण आहे?"

"अरे, कोण?" यानं पुन्हा विचारलं.

बंदूक उघडल्याचा आवाज आला. खट. मग कुणीतरी शेजारी बसलं. ओल्या कापडाचा वास. श्वास नाही. यानं विजेरी त्या बाजूला फिरवलीच नाही.

"मी ऐकलं होतं रे," हा म्हणाला. "ऐकलं होतं..."

उजाडेपर्यंत तेवढंच म्हणत राहिला.

पहाटे त्याच्या बायकोनं माझं दार वाजवलं. "रात्री वरून तीन बार ऐकले, मागोमाग एक. हे अजून आले नाहीत." आम्ही तिघे आणि ती, असे वर गेलो. तो एकटाच बसला होता. मी विचारलं, "उत्तर कुणी दिलं रे?" तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. मागचंही. बायकोसमोर.

ती रडली नाही. म्हणाली, "मागच्या वर्षीही मी चार मोजले होते. चौथा ऐकला आणि म्हटलं, चला, हे आणतील त्याला. निर्धास्त झोपले. तुम्ही कधीतरी सांगाल म्हणून वर्षभर वाट पाहिली."

दगडावर चार पुंगळ्या उभ्या होत्या. तीन नव्या. चौथीचं पितळ वर्षभर पावसात पडल्यासारखं हिरवं. तिनं ती उचलली, मूठ आवळली आणि एकटीच खाली उतरली, ती थेट माहेरच्या रिकाम्या घरात. सज्जरावाचं दुकान तेव्हापासून बंद. तो आहे अजून, जगतोय म्हणायचं.

दुपारी माझी बायको तिच्याकडे गेली. मूठ तशीच होती. समजावून, एकेक बोट सोडवून उघडली.

आत पुंगळी नव्हती. तळहातावर, नुकत्याच उडालेल्या पुंगळीनं भाजावं तसा, गोल चट्टा होता. आणि बाकीचा हात बर्फासारखा गार.