खारपाटातला खडा

म्हातारे गोष्ट सांगायला बसले की गोष्टीतले म्हातारे नेहमी शहाणे असतात आणि पोरं मूर्ख. पोरानं ऐकलं नाही, पोर मेलं, संपली गोष्ट. जनूकाकाची ही एकच निराळी. हिच्यात पोरानं ऐकलं.

डोलवीला कंपनीच्या गेटाबाहेर एका ठेकेदाराचं भंगार पडलेलं असायचं, त्याच्या राखणीला रात्री जनूकाका. सेकंड शिफ्ट सुटली की पेणचा टेम्पो येईपर्यंत मी, धनेश आणि निलेश त्याच्या शेकोटीला बसायचो. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून तो मला रोज ऐकवायचा, मी त्याला रोज उलटून बोलायचो. नव्व्याण्णवच्या डिसेंबरात एका रात्री टेम्पो आलाच नाही. मग लाइटही गेली.

"काका, एखादी भुताची सोडा की," निलेश म्हणाला.

जनूकाकानं कानावरची बिडी काढली, पण पेटवली नाही.

"भुताची नाय. महिपतीची सांगतो. माझ्या दाराला दार होतं त्याचं. त्यानं मला जे सांगितलं तेच सांगतो, वरचं एक अक्षर माझं नाय."

धरमतरच्या खाडीवरची एक वाडी. नाव लिहीत नाही, माणसं जिवंत आहेत. आदल्या वर्षीचा, अठ्ठ्याण्णवचा जून, सात तारीख, रविवार. महिपती सकाळीच सायकल काढून पेणला गेला. दोर आणायला. रेडिओवर दोन दिवस वादळाचं चाललं होतं, बंदरांवर बावटे चढले होते, आणि खाडीवरच्या सगळ्यांना एकदमच दोर आठवला होता. बाजार पालथा घालून महिपतीला मिळाली ती काथ्याची एक जुनी गुंडाळी. दुकानदारच म्हणाला, "ह्यानं रेडा बांध बाबा, होडी नको." तरी त्यानं घेतली. रिकाम्या हातानं परत कसं जायचं?

होडी एकच, बापाच्या हातची. तिच्यावर तो, बायको काशीबाई आणि दोन मुली. कंपनीत लागायला तो दोनदा जाऊन आला होता, नववी नापास म्हणून दोन्ही वेळा गेटावरूनच परत. होडी गेली तर पुढे काही नव्हतं.

तो वाडीत पोचला तेव्हा दुपार कलली होती. बांधावर पुंडलिकनाना बसला होता. वाडीतला मोठा माणूस. मोठा म्हणजे वयानं आणि आवाजानं. त्यानं काथ्याची गुंडाळी हातात घेतली, ओढून बघितली आणि हसला.

"आता एकच इलाज. बुडव होडी."

हे काही वेडेपणाचं नाही. खाडीवर जुनी रीत आहे ही. पाण्यावरची होडी वारा नेतो, पाण्याखालची नेता येत नाही. तिवरांमधल्या अरुंद पाण्यात होडी न्यायची, दगड भरायचे, आत पाणी घ्यायचं. होडी तळाला बसते. वादळ वरून जातं. मग ओहोटीला दगड काढले, पाणी उपसलं, की पुढच्या भरतीला होडी आपली आपण वर येते.

पण दगड? खारपाट आहे तो, खाडीकाठची खारी जमीन. शेत चिखलाचं, बांध चिखलाचा, रस्ता चिखलाचा. तिथली पोरं गलोलीतसुद्धा वाळलेल्या चिखलाच्या गोळ्या घालतात. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी थोडे दगड रचलेले आहेत, पण त्यांना हात लावला तर बांधाला खांड जाते आणि खारं पाणी भातशेतात शिरतं.

"टेकाडावर हायत ना," नाना म्हणाला. "इस्रायलांचे. ते गेले देश सोडून. विचारणारा कोण हाय?"

विचारणारा नाही म्हणजे आपलं. म्हाताऱ्यांचं सगळं शास्त्र एवढंच. वाडीला ते सकाळीच पटलं होतं. महिपती दोर शोधत पेणच्या बाजारात फिरत होता, तोवर बाकीच्यांनी टेकाडावरच्या इस्रायलांच्या, म्हणजे इकडच्या ज्यूंच्या, कबरस्तानाचा दगडी गडगा फोडून गाडीनं दगड वाहिले होते. गडगा संपल्यावर आतले, कबरींवरचे.

त्या टेकाडावर सारामावशीची कबर होती. एलियास कंपाउंडरची बायको. महिपतीची आई मिठागरावर जायची तेव्हा पोराला तिच्या ओटीवर सोडून जायची. तिच्या हातचं खाऊन तो वाढला. शनिवारी तिची चूल पेटत नसे, म्हणून शुक्रवारी रांधलेला गार भात ती त्याला खोबऱ्याबरोबर द्यायची, आणि पुढे लग्न झाल्यावरही शनिवारी महिपती काशीबाईकडे गारच भात मागायचा. मावशी गेली. दोन वर्षांनी एलियास मुलाकडे, डॅनियलकडे, इस्रायलला निघाला. जायच्या दिवशी तो महिपतीला घेऊन टेकाडावर चढला. खिशातून एक खडा काढला आणि तिच्या दगडावर ठेवला.

"फुलं आणू नकोस हां. सुकतात. खडा ठेव. खडा दिसला म्हणजे कळतं, कोणीतरी भेटून गेलं. तू येशील ना रे तिला भेटायला?"

"येईन."

आणि तो जायचा. पेणला गेला की रस्त्याच्या कडेचा एक खडा उचलून आणायचा.

त्या संध्याकाळी महिपती आणि काशीबाईनं उरलेसुरले दगड डोक्यावरून वाहिले. होडीत भरले. पाणी आत घेतलं. मागची बाजू बसली, पण पुढची नाळ काही बसेना. अंधार पडत होता. भरती चढत होती. नाना बांधावरून बॅटरी मारत होता. इतका वेळ त्यानं एक दगड उचलला नव्हता.

"वारा नाळेलाच धरतो. सकाळी फळ्या गोळा करशील. एक मोठा दगड पायजे पुढं."

"मोठा उरला नाय, नाना."

"एक हाय. तुझ्या मावशीचा."

काशीबाई मध्ये पडली. "तो नको. होडी गेली तर जाव दे. मी टोपली उचलीन मिठागरावर. तो दगड नको."

"तू घरी जा गो, चूल बघ. आन तू रे? बायकोला विचारून जाळं टाकतोस काय? उद्या परत नेऊन ठेव की. एका रात्रीचा तर प्रश्न. म्हातारी काय उठून मागायला येणार हाय?"

इथं जनूकाकानं शेकोटीत काडी घातली. "त्याला उद्या परत ठेवायचाच होता. हे ध्यानात ठेवा."

महिपती टेकाडावर गेला. गडगा नव्हता, त्यामुळे कुठून आत शिरायचं ते आधी कळेना. दगड मात्र होता. वर त्याचेच खडे, त्यानं ठेवले होते तसे. त्यानं तळव्यानं ते बाजूला सारले. खडे गवतात पडले. चुंबळ डोक्यावर ठेवून त्यानं दगड उचलला, आणि उतरताना तिचं नाव कपाळाला लागू नये म्हणून अक्षरं वरच्या अंगाला केली.

दगड नाळेत ठेवला. होडी बसली. हळूहळू नाही. कोणीतरी आत पाय टाकून बसावं तशी, एकदम.

"बघ," नाना म्हणाला. "झालं काम." आणि घरी जाऊन झोपला.

महिपती राहिला. बांधावर मिठागराची एक खोपी होती, पावसाळ्यामुळे रिकामी. तिथं घोंगडी टाकून तो पडला. वारा वाढत होता. तिवरं एका बाजूला झोपत होती. भरती पुरी चढली तेव्हा होडीवर पुरुषभर पाणी होतं. त्यानं बॅटरी मारून बघितलं. काळं पाणी, बाकी काही नाही.

त्याला डोळा लागला.

जाग आली ती वारा थांबला म्हणून.

पूर्ण थांबला होता. तिवराचं पान हलत नव्हतं. ढगाआड चांदणं होतं, बांध पुसट दिसत होता. आणि पाण्यातून आवाज आला. दगड लाकडावरून ओढावा तसा. खर्रर्र...

पाण्याखालचा आवाज असा ऐकू येत नाही. महिपतीला हे माहीत होतं. खाडीवर जन्मलेल्या माणसाला हे माहीत असतं.

खर्रर्र...

मग काही नाही. बराच वेळ.

मग चिखलात पाऊल. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाचं पडतं तसं. जड. रुतलेलं. उपसून काढलेलं.

एक.

बराच वेळ काही नाही.

एक.

बांधावरून. खोपीच्या दिशेनं.

"कोण हाय?"

...

"नाना?"

...

पाऊल खोपीच्या दाराला लावलेल्या झापाशी येऊन थांबलं. झाप मिटलेलं होतं. फटीतून चांदणं येत होतं, ते यायचं थांबलं. वास आला. खाडीचा नाही. खोबऱ्याचा. गार भाताचा...

महिपतीच्या तोंडातून शब्द निघाला तो त्यानं काढला नव्हता.

"मावशी?"

...

"उद्या ठेवतो... सकाळी ठेवतो परत..."

...

फटीतून पुन्हा चांदणं आलं.

आणि मग एक आवाज. लहान. टक्. लाकडावर काहीतरी अलगद ठेवल्याचा. झापाशी नाही. तिकडून... होडीकडून. जिच्यावर पुरुषभर पाणी होतं.

गेटातून एक ट्रक निघाला, त्याचे दिवे आमच्यावरून फिरून गेले. धनेश निलेशला अगदी चिकटून बसला होता.

"मग?" मी म्हणालो.

"मग सकाळ."

सकाळी कळलं, वादळ आलंच नाही. बाहेरच्या बाहेर गुजरातकडं गेलं. वाडीतल्या चार जुन्या होड्या नुसत्या दोरावर बांधून ठेवल्या होत्या, त्यांनासुद्धा ओरखडा नव्हता. पहाटेच्या ओहोटीला सगळे आपापले दगड काढायला उतरले. महिपतीनं शेजारच्या होडीतल्या जनूकाकाला हाक मारली. होडी चिखलात सरळ बसलेली. दगड जागच्या जागी. फक्त नाळेतला नव्हता.

आणि नाळेच्या फळीवर, जिथं वल्हवताना त्याची पाठ असायची, तिथं एक खडा. गुळगुळीत. फळीच्या बरोबर मध्ये.

दोघांनी चिखल चाचपला. कमरेइतकं रुतून चाचपला. काशीबाई पळत टेकाडावर जाऊन आली. दगड तिथंही नव्हता. गवतात पडलेले खडे तेवढे होते.

जनूकाका त्याला म्हणाला, "अरे, मावशीच ना ती? भेटून गेली. तिनं लहानाचं मोठं केलं तुला, ती काय वाईट करील?"

महिपती खड्याकडे बघत होता.

"जनूदादा, जिवंत माणसाला खडा ठेवत नाय."

पुढचे दोन महिने तो रोज ओहोटीला चिखलात उतरायचा. दगड शोधायला. तो खडा त्यानं टेकाडावर नेऊन मावशीच्या उघड्या जागेवर ठेवला, दोन्ही हात जोडले. पुंडलिकनाना बांधावरून ओरडायचा, "अरे, दगडापायी खुळा झालास काय? माझ्याकडचा एक घेऊन जा." त्याच्याकडे भरपूर होते. त्यानं कबरस्तानाच्या दगडांची गोठ्यात फरशी केली होती. म्हशी छान कोरड्या राहायच्या.

नारळी पौर्णिमा झाली. जाळी पाण्यात पडली. घरात दाणा नव्हता, महिपतीला जावंच लागलं. तो शनिवार होता. काशीबाईनं गार भात बांधून दिला.

रविवारी भरतीला होडी आली. एकटी. वारा उलटा होता तरी आली, आणि टेकाडाच्या पायथ्याला लागली. वल्ही आत. जाळं कोरडं. भाताचं फडकं धुऊन, घडी करून ठेवलेलं. महिपती मिळाला नाही. ना चिता, ना जागा. काशीबाई मुलींना घेऊन रोह्याकडे भावाच्या गावी गेली. होडीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही, कारण नाळेच्या फळीवर, बरोबर मध्ये, तोच गुळगुळीत खडा होता. टेकाडावर ठेवलेला.

बिडी अजून पेटली नव्हती.

"आणि नाना?" निलेशनं विचारलं.

"हाय की. ठणठणीत."

असणारच. म्हाताऱ्यांना काही होत नाही. त्यांचं ऐकणाऱ्याला होतं.

"जनूकाका," मी म्हणालो, "तुमच्या होडीत किती दगड होते टेकाडावरचे?"

त्यानं न पेटवलेली बिडी शेकोटीत टाकली. मग टेम्पो आला आणि आम्ही उठलो. मागे वळून बघितलं तेव्हाही तो तसाच बसला होता.

त्या रविवारी मी आणि धनेश दुपारच्या उन्हात टेकाडापाशी गेलो. मला म्हाताऱ्याला खोटं पाडायचं होतं. होडी आहे. उन्हानं फळ्या फाटल्यात. गेल्या पावसाळ्यात भरती तिथवर चढलेली नाही, गवतावरून कळतं. आजूबाजूला आमच्याशिवाय कोणाची पावलं नव्हती.

नाळेच्या फळीवर एक खडा होता, मिठानं पांढरा पडलेला.

त्याच्या शेजारी दुसरा. तो ओला होता.