हिराबाईचं ‘दोन्ही नाय’

“माझ्या मालकानं भावाला बुडवला नाय, राऊतभाऊ!” डहाणूत अवघड कोडी सोडवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या राऊतांच्या ओटीवर शांती रडत होती.

१९५८ साल. आगर गावच्या नारूची होडी भर वाऱ्यात उलटली आणि तो बुडाला. रिकामी होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा तळाच्या भोकाचं बूच गायब होतं. होडीवरून भांडलेला धाकटा भाऊ गणू कोठडीत गेला.

“सासूबाई?” राऊतांनी विचारलं.

“होडी सुटल्याबरोबर हात हलवत पाण्याकडं धावल्या, तिथंच पडल्या. अर्धांग गेलं. नारूभावजी गेल्याचं संध्याकाळी कळलं. आता ‘दोन्ही नाय’ एवढंच बोलतात.”

राऊतांचे मित्र चुरी मास्तर त्यांच्यासोबत निघाले. गणू कोठडीत म्हणाला, “भांडलो. पण त्याच्याच खांद्यावर बसून मोठा झालो मी.”

नारूचा होडीतला भागीदार रामा चिडला. “होडी बुडवून मी खाऊ काय?”

शांतीच्या सासूच्या, हिराबाईच्या झोपडीत फळीवर राऊतांना बूच सापडलं, फडक्यात नीट गुंडाळलेलं. ते म्हातारीजवळ बसले.

“शांती तुमची मुलगी, मी तुमचा जावई?”

“दोन्ही नाय.”

“शांती तुमची सून, मी तुमचा जावई?”

म्हातारी गप्प.

“भ्रमिष्ट झालीय,” चुरी पुटपुटले.

“नाही मास्तर. दोन्ही गोष्टी खोट्या असतील तरच ती बोलते. ‘नाही’, ‘आणि’, ‘किंवा’, सगळं या एका उत्तरातून घडवता येतं. एकच गोष्ट दोनदा विचारली, की झाला साधा नकार.” राऊत वळले. “बूच गणूनं काढलं, गणूनं काढलं?”

“दोन्ही नाय.”

“रामानं, रामानं?”

“दोन्ही नाय.”

शांतीनं सुटकेचा श्वास सोडला. राऊतांचा चेहरा मात्र उतरला.

“वैऱ्यानं बूच समुद्रात फेकलं असतं. हे जपून ठेवलंय, परत बसवायला. आणि बातमी यायच्या आधीच हिराबाई धावल्या, त्या निरोप द्यायला नव्हे, परत बोलवायला. किनाऱ्याजवळच पाणी भरेल, पोरगा परत फिरेल, वाऱ्यात जाणार नाही, असं वाटलं होतं त्यांना. पण होडीत पसरलेल्या जाळ्याखालचं पाणी नारूला दिसलंच नाही.”

“आईनं?” चुरी दचकले.

राऊतांनी म्हातारीचा हात हातात घेतला. “आई, दोन गोष्टी विचारतो. बूच तुम्ही काढलं नाही. नारूचं वाईट व्हावं असं तुम्हाला वाटत होतं.”

 म्हातारीचे डोळे भरून आले.

“दोन्ही नाय.”

एकाच उत्तरात कबुलीही होती आणि मायाही. चुरींनी तोंड फिरवलं.

राऊतांनी पोलिसांना समजावलं आणि दुसऱ्या दिवशी गणू सुटून आला. शांतीनं त्याला सगळं सांगितलं.  तो आत जाऊन आईशेजारी बसला आणि काही न विचारता तिला पेज भरवू लागला.