सीलबंद नक्षत्र

टेंभुर्णीच्या त्या कॉम्प्युटर क्लासचं शटर अर्धं खाली आलं होतं. सिद्धेश्वरी वाकून आत शिरली तेव्हा क्लासचे सयाजी सर खुर्च्या एकावर एक रचत होते. क्लास कायमचा बंद व्हायचा होता.

"सर, फ्लॉपी आहेत का हो? जुन्या? कसल्याही चालतील."

"अहो ताई, अर्धा तास आधी यायचं की!" सर हळहळले. "आत्ताच एक जण खोकंभर घेऊन गेला. वर मलाच हात जोडून गेला. म्हटलं, बाबा, कचरा तू उचलतोयस, हात मी जोडायला पाहिजेत. स्टँडवर गाठ पडते का बघा. निळा शर्ट आहे."

सिद्धेश्वरी धावत सुटली. मार्चचं ऊन डोक्यावर, ओढणी एका खांद्यावरून लोंबतेय, चपलेचा पट्टा निसटतोय. सोलापूरची एसटी निघायच्याच बेतात होती. ती चढली आणि तिसऱ्या बाकावर तिला निळा शर्ट दिसला. मांडीवर खोकं होतं. त्यातला एक छोटा डबा त्यानं हातात धरला होता, आणि डोळे मिटून तो चक्क त्या डब्याचा वास घेत होता.

"वास कसला घेताय?" तिला धाप लागली होती, नाहीतर असं पटकन विचारलं नसतं.

तो इतका दचकला की डबा हातातून सुटलाच असता. "नाही... म्हणजे... नवीन आहे ना. म्हणजे जुनाच आहे, पण सील फोडलेलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं प्लॅस्टिक. वेगळाच वास असतो याला."

"मला तो डबा पाहिजे," सिद्धेश्वरी म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

गाडी हलली. तिला चिंचोळी एमआयडीसीच्या फाट्यावर उतरायचं होतं, म्हणजे हातात जेमतेम दीड तास. तिनं भराभर सांगून टाकलं. टॉवेलच्या कारखान्यात ती डिझायनर. तिथल्या एका जुन्या जेकार्ड मागाला नक्षी फ्लॉपीतूनच द्यावी लागते. होत्या त्या सगळ्या फ्लॉपी खराब झाल्या आणि माग आठ दिवस बंद आहे. शनिवारपर्यंत चालू झाला नाही तर मालक तो भंगारात काढणार. आणि त्या मागावर बावीस वर्षं काम करणारे शिवप्पा मामा घरी बसणार. रिटायर व्हायला त्यांना अजून तीन वर्षं होती.

तो मन लावून ऐकत होता. त्याचं नाव संघपाल. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्याचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मोठा असा एक छंद होता. जुन्या फ्लॉप्या, टेपा, डिस्का... जिथं मिळतील तिथून गोळा करायच्या.

"मागाला कसली फ्लॉपी लागते? कोपऱ्यात एक भोक असलेली, का दोन?"

"भोकं कोण मोजतं?" असं म्हणून तिनं पर्समधून एक खराब फ्लॉपी काढली.

त्यानं ती दोन बोटांत अलगद धरली. तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तशी. "एक भोक. हीच तर मिळत नाही आता." त्याची नजर मांडीवरच्या सीलबंद डब्याकडे गेली. डब्यावर निळ्या अक्षरांत 'नक्षत्र' असं लिहिलेलं होतं. "एका छोट्या कंपनीचा आहे. दोन वर्षांतच बंद पडली. सीलबंद डबा मी आजवर फक्त फोटोत बघितला होता. सहा वर्षं शोधतोय. तेवढा सोडून काहीही मागा... प्लीज."

"मग बाकीच्यात काय आहे ते दाखवा."

तो दाखवू लागला, आणि दाखवता दाखवता रंगला. ही मॅक्सेल, ही सोनी, ही आपली अॅमकेट. टीडीकेतला टी म्हणजे टोकियो. "आणि ही व्हर्बॅटिम. त्याचा अर्थ माहितेय? शब्दाला शब्द. तुम्ही जे बोलाल ते जसंच्या तसं परत."

"असा माणूस असला तर अवघड की हो."

"का?"

"भांडणात सगळं आठवायचं त्याला."

तो हसला. हसताना मान थोडी खाली घालायची त्याची सवय होती. सिद्धेश्वरीनं ती पाहिली, आणि पाहिली म्हणून लगेच खिडकीबाहेर बघू लागली.

मोहोळच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झाली होती. गाडी थांबली. लोक खाली उतरून पडलेले ऊस उचलू लागले. हे दोघं मात्र बसून राहिले.

"हा छंद लागला कसा?"

"सातवीत निबंधाला बक्षीस म्हणून एक फ्लॉपी मिळाली." तो सांगू लागला. "घरात कॉम्प्युटर नव्हता. गल्लीतही नव्हता. चार वर्षं ती उशाखाली घेऊन झोपायचो. यात काय असेल... गाणी असतील, चित्रं असतील, एखादा अख्खा देश असेल! अकरावीत कॉलेजच्या लॅबमध्ये घातली. रिकामी निघाली."

"अगं बाई."

"रडू आलं खरं. पण चार वर्षं मजेत गेली की."

सिद्धेश्वरीला हसावं की काय करावं कळेना. तिचा हात त्याच्या बाहीपर्यंत गेला आणि तिनं तो अर्ध्यातूनच मागे घेतला.

चिंचोळीचा फाटा आला. नक्षत्र त्यानं दिला नाही. दोन भोकांच्या दहा फ्लॉप्या मात्र दिल्या. एका भोकावर चिकटपट्टी लावली तर कधीकधी मशीन फसतं, असं सांगितलं. वरच्या फ्लॉपीच्या लेबलवर पेन्सिलीनं स्वतःचा नंबर लिहिला.

"नाही चाललं तर फोन करा."

"आणि चाललं तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. "तर..." तो घाईघाईनं म्हणाला, "तरी करा."

मशीन फसलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा फ्लॉप्या मागानं खटकन बाहेर टाकल्या. सिद्धेश्वरीनं फोन लावला. "नाही चाललं," एवढंच बोलली.

"उद्या येतो," तो म्हणाला.

आला तो स्कूटरवर. नक्षत्र टॉवेलात गुंडाळून आणला होता. मागाजवळ त्यानं डबा तिच्यापुढं धरला. "तुम्हीच उघडा. मला नाही जमणार."

"नक्की ना?"

"लवकर उघडा हो. नाहीतर मी पळून जाईन."

तिनं नखानं पातळ कागदाची कड उचलली. चर्रर्र असा आवाज झाला आणि संघपालनं मान फिरवली. कॉम्प्युटरवर नक्षी भरून घातलेली पहिली फ्लॉपी चालली नाही. पंचवीस वर्षं पडून राहिलेली वस्तू, तिला तरी काय बोल लावायचा! दुसरी नाही, तिसरी नाही. पाचवीला शिवप्पा मामांनी हात जोडून सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं. सहावी आत गेली, आतून घरघर ऐकू आली, आणि माग धडधडत चालू झाला.

"लागला गं सिद्दव्वा, लागला!" शिवप्पा मामा ओरडले.

पांढऱ्या टॉवेलच्या काठावर जोंधळ्याची कणसं उमटू लागली. सिद्धेश्वरीची स्वतःची, पहिलीच नक्षी. डब्यातल्या दहांपैकी चार फ्लॉप्या पुढं चांगल्या निघाल्या. ती संघपालकडं वळली, तर तो नक्षीकडं बघतच नव्हता. तिच्याकडं बघत होता.

"केसात..." तो म्हणाला आणि बोटानं नुसतं दाखवलं. कापसाचा एक तंतू होता.

नंतरचा महिना सिद्धेश्वरीला कसा गेला ते कळलं नाही. आठवड्यातून एकदा तरी फ्लॉपी रुसायची, ती फोन करायची, तो यायचा. काम दहा मिनिटांचं, मग कँटीनमध्ये चहा एक तासाचा. ती त्याला अक्कलकोटच्या आजोळच्या गमती सांगायची, मध्येच एखादा कानडी शब्द शिकवायची. संघपाल तो चुकीचा म्हणायचा — मुद्दाम, असा तिला संशय होता. तिसऱ्या खेपेला तिच्या केसातला तंतू त्यानं दाखवला नाही. हात लांबवला आणि अलगद काढला. चहा तसाच निवून गेला.

आणि मग एका बुधवारी माग भर कामात बंद पडला. टॉवेल अर्धवट, ऑर्डर अर्धवट. मालक आले आणि सगळ्या कामगारांसमोर शिवप्पा मामांना नाही नाही ते बोलले. मामा मान खाली घालून उभे होते. पुढच्या वेळी बंद पडला तर माग भंगारात आणि तुम्ही घरी, असं सांगून मालक गेले.

सिद्धेश्वरीनं इचलकरंजीच्या एका माग दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, अजून फ्लॉपीच वापरताय? त्या जागी पेन ड्राइव्हचं छोटं यंत्र बसतं. अर्ध्या तासाचं काम. प्रिंटर दुरुस्त करणारा कुणीही बसवून देईल."

ती तशीच रिक्षा करून सात रस्त्याला गेली. संघपाल तिला बघून उठला. चेहरा उजळला होता त्याचा.

"पेन ड्राइव्हचं यंत्र असतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

चेहरा विझला. "...हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यानं खाली ठेवला. "आधी वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. ते बसवलं असतं तर... तुमचा फोन परत आला नसता."

एक क्षण सिद्धेश्वरीच्या आत काहीतरी मेणासारखं विरघळलं. पण लगेच शिवप्पा मामांची खाली गेलेली मान डोळ्यांपुढं आली.

"आज मामांनी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा. आपल्या चहापायी."

ती निघून आली. रिक्षात बसल्यावर तिला रडू फुटलं, आणि आपण कुणासाठी रडतोय हे तिलाच नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात पोचली तर माग चालू होता. फ्लॉपीच्या खाचेत एक छोटंसं काळं यंत्र बसलं होतं.

"पोरगं सकाळी सातलाच आलतं," शिवप्पा मामा म्हणाले. "बसवलं आन् माज्या पाया पडलं. म्हनलं, माज्यामुळं बोलनी खाल्ली तुमी. मी म्हनलं, तुज्यामुळं कसं रं? तर समदं सांगितलं त्यानं. काय बी लपवलं न्हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हनलं, लेका, तरनं वय हाय, चुकलास. पन पुन्यांदा असं करू नगंस." मामांनी तिच्याकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. "लई वंगाळ न्हाय गं सिद्दव्वा, पोरगं."

माग तीन आठवडे एकदाही थांबला नाही. फोनही आला नाही. सिद्धेश्वरी नक्ष्या काढत होती, मान वर करून मागाचा आवाज ऐकत होती. एके दुपारी तिच्या ध्यानात आलं, की तो माग बंद पडायची आपण वाट बघतोय. ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि घरी जाऊन आईशेजारी चुलीपुढं बसली. तिथं जे बोलायचं ते बोलली.

रविवारी सकाळी ती संघपालच्या दुकानात गेली. तो एकटाच होता. दाढी वाढलेली, निळा शर्ट चुरगळलेला.

"काय बिघडलं?" तो घाबराच झाला. "माग बंद पडला का?"

"चालतोय."

"मग पेन ड्राइव्ह..."

"काही बिघडलेलं नाही म्हटलं की."

तो हळूच म्हणाला, "फोन करायचा होता. रोज. पण कुठल्या तोंडानं करणार? तुमचा राग..."

"आहे अजून थोडा. राहू दे. पुन्हा काही लपवलंत तर उपयोगी पडेल."

"नाही लपवणार." त्यानं एक खोल श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. लई आवडता. टेंभुर्णीच्या गाडीत धापा टाकत चढलात तेव्हापासून. हे सरळ सांगायला पाहिजे होतं, तर मी फ्लॉप्यांच्या मागं लपलो." पुढं त्याचा आवाज खाली गेला. "पण तुमच्या घरी... तुमचं सगळं लिंगायतांचं. माझं आडनाव ऐकलं, की..."

"अव्वाला सांगितलंय मी. आडनावासकट."

त्याचे डोळे विस्फारले. "काय म्हणाल्या?"

"दोन भाकऱ्या होईपर्यंत काहीच बोलली नाही. तिसरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, अप्पांना मी सांगणार नाही, तूच सांग. मी शेजारी बसेन."

संघपालनं चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याचे डोळे ओले झाले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. "आणि अप्पा?"

"नाहीच म्हणतील. पहिल्यांदा तर नक्कीच."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुम्ही याल ना बरोबर?"

"येईन," तो म्हणाला. "तिसऱ्यांदाही येईन. दहाव्यांदाही."

रस्त्यावरून एक सिटी बस गेली. दुकानातल्या काचा थरथरल्या. त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि तिच्यापुढं ठेवलं. काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बस ना," तो म्हणाला, "तू."

सिद्धेश्वरी हसली आणि बसली.