एक सेकंद, अडतीस सेंटिमीटर

सात रिळं. एक टेप मशीन. एक ब्लेड, एक मोजपट्टी, एक वजनकाटा. आणि माणूस एकच... ईश्वरी.

कतारमधल्या लुसैलच्या त्या ऑफिसात, शुक्रवारी, सुट्टीच्या भर दुपारी, एवढंच होतं. ईश्वरी माझी मामेबहीण. फिजिक्स शिकलेली, मोजल्याशिवाय बोलत नाही. म्हणून छातीठोकपणे सांगते, हे घडलंय.

रिळं विनिफ्रेड हॅलम नावाच्या इंग्रज बाईंची. साठेक वर्षांपूर्वी लंडनच्या एका रेडिओ स्टुडिओत त्या यंत्रांच्या आवाजांतून संगीत रचायच्या. टेप ब्लेडने कापायची, तुकडे जोडायचे. एका सेकंदाला अडतीस सेंटिमीटर टेप. अकरा वर्षं हेच केलं. श्रेय मात्र स्टुडिओला.

म्हणून बाई प्रत्येक रिळाच्या शेवटी स्वतःचं नाव बोलून ठेवायच्या.

प्रसारणाआधी कुणीतरी तेवढा सेकंद कापून टाकायचं.

सहा रिळं अशी कापलेली होती. सातवं शाबूत. रविवारी ईश्वरीच्या ऑफिसने भरवलेल्या प्रदर्शनात तेच वाजणार होतं.

"ते नाव काढ," तिचा बॉस अभिजित फोनवर म्हणाला. "प्रदर्शनाच्या पाटीवर स्टुडिओचं नाव आहे."

"सर, तीनदा मेल केलाय. पाटी बदला ना!"

"छापून झाली. अगं, एका सेकंदाचं काम! फिजिक्सवाल्यांना तेवढंही जमेना? यल्ला, चल, खलास कर."

धुसफुसतच ईश्वरीने सवयीप्रमाणे आधी रिळाचं वजन केलं. मग शेवटचे अडतीस सेंटिमीटर कापले. वाजवून पाहिलं.

संगीत संपलं. नुसती खरखर...

"विनिफ्रेड हॅलम."

जागा चुकली असेल. तिने पुन्हा मोजून कापलं.

खरखर... "विनिफ्रेड हॅलम."

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. तुकडे टेबलावर साचत गेले. ईश्वरी चिडून रडकुंडीला आली.

पाचव्यांदा एसी बंद पडला. टेपची खरखरही थांबली.

त्या शांततेत आधी कुणीतरी श्वास घेतला...

मग नाव.

सहावा तुकडा कापून तिने अभिजितला फोन लावला. स्पीकरवर.

"सर, तुम्हीच ऐका."

रीळ फिरलं...

"अजून कापलंच नाहीस?" तो वैतागला. "आणि तुझ्या शेजारी कोण आहे? ती पण तेच नाव घेतेय."

ईश्वरीने शेजारी पाहिलं नाही. फोन ठेवला. रीळ मशीनवरून काढून काट्यावर ठेवलं.

कापण्याआधी रीळ भरलं होतं दोनशे बारा पूर्णांक चार ग्रॅम.

सहा तुकडे मिळून... एक ग्रॅम.

रीळ... दोनशे बारा पूर्णांक चार.