पिवळी रोपं मागणारा माणूस

समजा, तुमचं रोपांचं दुकान आहे. डोळे मिटा आणि बघा बरं... काळ्या पिशव्यांच्या रांगा, ओल्या मातीचा वास, कोपऱ्यात ठिबकणारी झारी. तेवढ्यात दारात एक माणूस येतो आणि म्हणतो, "तुमच्याकडची सगळ्यात मरतुकडी रोपं द्या." काय कराल?

आपल्या रोपवालीनं कमरेवर हात ठेवले.

"टवटवीत मागणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली. तुम्हाला मरतुकडी कशाला? कुणावर सूड उगवायचाय?"

"सूड नाही हो... त्यांना जेवू घालायचंय."

"काय?"

"हवा."

ती खळखळून हसली. बाकावर गृहपाठ करणाऱ्या तिच्या भाचीनं वहीतून डोकं वर काढलं. दिवसभर प्रश्न विचारते म्हणून घरात तिला शंकासूर म्हणत. "हवेनं पोट भरतं?"

"उद्या या, दाखवतो," तो म्हणाला. समोरच्या गाळ्यात तो जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचा. बोटांना तांब्याचा लालसर रंग चढलेला. पिवळी पडलेली बारा रोपं त्यानं अशी उचलली, जशी काही ती काचेची होती. रोपवाली त्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशी-भाची गाळ्यात गेल्या. काचेच्या बरणीत तांब्याच्या दोन तारा शिंगांसारख्या उभ्या होत्या. त्यानं खिडक्या उघडल्या, शंकासूरला दाराबाहेर उभं केलं, "हा वायू नाकात जाता कामा नये" असं बजावलं आणि बटण दाबलं. जांभळी ठिणगी तारांच्या बुडाशी पेटली, थरथरत वर चढली, तुटली. पुन्हा खालून सुरू. बरणीत तपकिरी धुराची रेघ दिसली, आणि ती नळीतून पाण्यात बुडबुडत गेली.

"हवेच्या पाच भागांतले जवळजवळ चार भाग नायट्रोजन," तो सांगू लागला. "झाडांना नायट्रोजन लागतो, पण हवेतला घेता येत नाही. त्याचे कण दोघादोघांनी एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. ठिणगी त्यांना सोडवते. आभाळात वीज चमकते तेव्हाही हेच होतं."

"सुखानं बसलेली जोडी तोडता? पाप लागेल!" रोपवाली म्हणाली.

"नुसती तोडत नाही... ऑक्सिजनशी नवी जोडी जमवून देतो." एवढं बोलून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि बटण बंद करायचं विसरला.

"बटण!" बाहेरून शंकासूर ओरडली.

सहा रोपांना बरणीतलं पाणी, सहांना साधं, असं ठरलं. रोपं ठेवली दुकानातच, कारण ऊन तिथं चांगलं. रोज दुपारी तो बाटली घेऊन यायचा. पाणी घालायला दोन मिनिटं पुरत, पण त्याला तास लागे.

"तुमच्या मोटारी वाट बघत असतील," ती म्हणायची.

"त्यांना सवय आहे. तुम्हाला त्रास होतो का?"

"होतो की..." ती म्हणायची, आणि स्टूल पुढं सरकवायची.

एके दिवशी पाणी घालून झालं तरी तो बाटलीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "दूरच्या एका कारखान्यात नोकरी मिळतेय. पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय. याआधी दोनदा रोपं करपली माझी. या खेपेस हिरवी झाली तर नकार कळवीन आणि इथंच हे यंत्र मोठं करीन. नाहीतर... जाईन."

त्याच संध्याकाळी तिनं रोपं निरखली. त्याच्या सहाही रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. तिनं इकडंतिकडं पाहिलं, तो ठेवून गेलेल्या बाटलीतलं पाणी पायरीवर ओतून दिलं, आणि बाटलीत साध्या पाण्यात आपल्या डब्यातलं युरिया खत विरघळवलं. चुनखडीच्या पायरीवर ते पाणी फसफसलं, पण तेव्हा तिचं लक्ष होतं कुठं? पुढं रोज तो बाटली टेकवून शंकासूरशी गप्पा मारायला लागला, की ती मागं जाऊन पाणी बदलू लागली.

सोमवारी सहाही रोपांना हिरवीगार नवी पानं होती. तो धावतच आला, हातात पाकीट.

"नकार लिहिलाय त्यांना! टाकतो आणि येतो!"

त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिला बघवेना.

"थांबा," ती म्हणाली. "ही तुमच्या पाण्यानं हिरवी झालेली नाहीत. मी... मी खत घातलं. बाटलीत."

दाराकडे वळलेला तो मागं फिरला.

"माझा प्रयोग बिघडवलात? का?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्यानं पाकीट बाकावर ठेवलं.

"हे सरळ सांगायचं होतं," तो हळूच म्हणाला. "रोपांना कशाला मध्ये घातलंत?"

"तुम्ही तरी सरळ कुठं बोललात? रोपांच्या भरवशावर राहणार होता!"

त्याला हसू फुटलं. मग तिला एकदम ती पायरी आठवली. "अहो, तुमचं पाणी चुनखडीवर फसफसलं होतं! आंबट आहे ते. म्हणून पानं करपतात. आंबट मातीत आम्ही चुनखडीची भुकटी घालतो."

तो पळत जाऊन बरणी घेऊन आला. तिनं चिमूट चिमूट भुकटी टाकली. पाणी फसफसलं, फसफसत राहिलं... आणि शांत झालं.

"दोन वर्षं मला हे सुचलं नाही," तो बरणीकडे बघत म्हणाला. "अजून बारा मरतुकडी आहेत?"

"बाराच का? माझ्याकडे काय तोटा! पण ही पिवळीच राहिली तर?"

"तर पुन्हा पिवळी आणू. पत्र मी टाकणारच आहे." तांब्याची बोटं तिच्या मातीनं भरलेल्या बोटांवर टेकली. तिनं हात काढला नाही.

शंकासूरनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तिनं बादली पालथी घातली, त्यांच्याकडे पाठ करून नव्या बारा रोपांसमोर बसली, आणि वहीच्या कोऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: पहिला दिवस. सगळी पिवळी.