ती यानात परत का गेली

अंतराळातल्या भयपटांच्या त्या मालिकेचा चौथा भाग लागला होता. पडद्यावर यानातली डॉक्टर अंधाऱ्या बोळातून रांगत होती, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस स्वतःशीच पुटपुटला, "ही तर दुसऱ्या भागात मेली होती ना?"

"दार बंद झालं होतं," पडद्यावरची नजर न काढता त्याच्या शेजारची तरुणी म्हणाली. "मेलेली दाखवली नव्हती."

मध्यंतरात तो दोन कॉफी घेऊन आला, आणि वाद पुढे चालू झाला. तो घरांचे नकाशे काढायचा. यानातला दवाखाना पहिल्या भागात डावीकडे आणि आता उजवीकडे कसा, हे त्याला सहन होत नव्हतं. ती दातांची डॉक्टर. तिची तक्रार वेगळीच – त्या प्राण्याला आधी दातांच्या तीन रांगा होत्या, आता दोनच. पडले असतील, असं तो म्हणाला. तिला इतकं हसू आलं, की उरलेला सिनेमा दोघांनीही धड पाहिला नाही.

मग जुने भाग पुन्हा बघणं आलं. रविवारी दुपारी, तिच्या घरी, मधल्या खुर्चीत तिचे बाबा. बाबांना अंतराळात काडीचा रस नव्हता. ते यांचं भांडण ऐकायला बसायचे. इतकं भांडूनही दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात, याचं त्यांना नवल वाटे.

तिसऱ्या भागाच्या दिवशी त्यानं आल्या आल्या भांडण काढलं नाही. दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली, लवकरच जायचंय, असं त्यानं सांगितलं... तेही बाबांना. बाबा चहा टाकतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

पडद्यावर सुखरूप सुटलेली नायिका इंजिन सांभाळणाऱ्या माणसासाठी जळत्या यानात परत शिरली. त्यानं सिनेमा थांबवला.

"हे काही पटत नाही. सुटली होती ना? मग परत का जाते?"

"प्रेम आहे तिचं त्याच्यावर."

"मग आधी कुठंतरी दाखवायला हवं होतं. दोघं सगळा वेळ नुसते भांडतात."

ती त्याच्याकडे वळली. "तुम्हाला ते नुसतं भांडण वाटलं?"

त्याचे कान लाल झाले.

"मला वाटायचं, तुम्ही मला सहन करता," तो हळूच म्हणाला. "म्हणून नोकरीचं तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

"सहन कशाला करेन? आवडतोस तू मला."

'तू' कधी तोंडून निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

"मलाही," तो म्हणाला. "तू... खूप."

नोकरी चांगली होती, ती त्यानं घेतली. तिनंही अडवलं नाही. वर्षभर येणंजाणं झालं, फोनवर रुसवेफुगवे झाले, आणि मग तिनं त्याच्याच शहरात दवाखाना उघडला. पहिली पेशंट त्याची आई. दाढ तपासता तपासता तिनं दोघांनी लग्न करायचं ठरवल्याचं सांगून टाकलं. आईंचं तोंड उघडं होतं, बोलता काहीच येईना. त्यांनी तिचा हातमोज्यातला हात घट्ट धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.